तिलारीची सहल, गोचिडी आणि माकडताप: जायचं की नाही?

पाणकावळा

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या पक्षीवेड्या मंडळींचं तिलारीला जायचं घाटतंय. महाधनेश, कर्णा आणि दैवात असेल तर बेडूकतोंड्या. राहायची सोय दोडामार्ग तालुक्यात एका घरगुती निवासात झालीय. सगळं ठरलं आणि आमच्यातल्या एकीच्या बांद्याच्या मावशीचा फोन आला, "या दिवसांत रानात कशाला फिरताय, माकडताप असतो." झालं, गटात दोन तट पडले. एक तट म्हणतो पावसाळ्यानंतर जाऊ. दुसरा म्हणतो गोचिडीला काय घाबरायचं, लहानपणी म्हशीच्या अंगावरच्या हाताने उपटल्यात.

अंगावर गोचीड सापडली तर नेमकं काय करायचं? किती घाबरायचं? फॉरवर्ड वाचून डोकं उठलंय, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटमाथा

दोन थेंब रॉकेल टाका, नाहीतर पेटती उदबत्ती टेकवा. आपोआप सुटते. आजोबांपासून चालत आलंय.

ओपीडी_नंतर

घाटमाथा, सुटते हे खरं. पण चटका बसला किंवा रॉकेल, व्हॅसलीन, चुना असलं काही लागलं की सुटण्याआधी तिच्या तोंडातली लाळ आणि पोटातला ऐवज आपल्या जखमेत उतरण्याची शक्यता वाढते. जे टाळायचं तेच होतं. शिवाय उदबत्तीने कातडी भाजलेले लोक मी पाहिलेत.

टोकदार चिमटा घ्यायचा, भुवया कोरायचा असतो तसला. गोचिडीचं पोट चिमटीत धरायचं नाही. तिचं तोंड जिथे कातडीत रुतलंय तिथे, कातडीला अगदी लागून धरायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. तोंडाचा बारीकसा तुकडा आत राहिलाच तर सुईने कोरत बसू नका, कातडी त्याला हळूहळू बाहेर टाकते. मग साबण-पाणी, वर स्पिरिट. काढलेली गोचीड नखावर चिरडू नका (ही सवय म्हशीवाल्या तटाला नक्की असणार). चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका.

आणि मोबाइलमध्ये दोन गोष्टी लिहून ठेवा: तारीख आणि गाव. पुढे ताप आला तर डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. पुण्यामुंबईच्या दवाखान्यात तापाचा पेशंट आला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड ही रांग डोक्यात ठरलेली असते. "मी गेल्या आठवड्यात दोडामार्गच्या जंगलात होतो" हे पेशंटने आपण होऊन सांगितलं नाही तर माकडतापाचा विचार कुणाच्याही मनात येणार नाही.

पाणकावळा

धन्यवाद डॉक्टर. पण माकडताप म्हणजे नेमकं काय? माकडामुळे होतो की गोचिडीमुळे?

ओपीडी_नंतर

चावते गोचीड. नाव मात्र माकडाचं झालं, कारण मरताना दिसतात ती माकडं.

मूळ नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात क्यासनूरचं जंगल आहे. १९५७ मध्ये तिथे माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत लोक तापाने फणफणले. आपल्या पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्यातला विषाणू शोधून काढला. वर्षानुवर्षं तो त्याच पट्ट्यात राहिला. मग बांदीपूर, वायनाड, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाळी, २०१६ मध्ये दोडामार्ग आणि त्यापाठोपाठ बांदा परिसर. सह्याद्रीच्या या सगळ्या पट्ट्यात ती गोचीड आहे, माकडं आहेत आणि रानात काम करणारी माणसं आहेत.

विषाणू रानातल्या गोचिडीत आणि लहान प्राण्यांत, म्हणजे उंदीर, चिचुंद्री वगैरेंत फिरत असतो. वानर आणि लालतोंड्या माकडांना तो झेपत नाही, ती मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून तिथल्याच पालापाचोळ्यात पसरतात, म्हणून ती जागा धोक्याची. गुरांना आजार होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडींची पैदास वाढते. माणसाकडून माणसाला लागण होत नाही, त्यामुळे सहलीहून आलेल्याला घरात वेगळं ठेवायची काही गरज नाही.

हंगाम साधारण डिसेंबर ते मे, कारण त्या दिवसांत गोचिडीची मधली अवस्था, ज्याला निम्फ म्हणतात, ती भरपूर असते. तुमच्या म्हशीवरची टप्पोरी गोचीड दिसते तरी, हा निम्फ तिळाएवढा असतो. माणसाला त्रास देतो तो मुख्यतः हाच, आणि चावल्याचं बहुतेकांना कळतही नाही. तेव्हा "मला गोचीड चावलीच नव्हती" हे डॉक्टरला सांगून काही सिद्ध होत नाही.

चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, कंबर-पोटऱ्या पिळवटून निघतात, उलट्या. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. बहुतेक जण दोन आठवड्यांत उठतात, पण अशक्तपणा खूप दिवस रेंगाळतो. काहींना मध्ये बरं वाटून पुन्हा ताप उलटतो आणि त्या वेळी डोकेदुखी, मान आखडणं, भ्रम अशी मेंदूची लक्षणं दिसतात. मृत्यूचं प्रमाण १०० रुग्णांमागे ३ ते ५ असं सांगतात. हा आकडा लहान नाही, पण "चावली म्हणजे गेला" असाही नाही. त्यावर खास असं औषध नाही. सलाइन, रक्तस्रावावर लक्ष आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका, प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात.

माडाखाली

येवा, कोकण आपलोच असा! पण जरा ऐकान घेवा.

मी दोडामार्गचाच. दरवर्षी काजूचा हंगाम आणि माकडतापाच्या बातम्या एकदमच सुरू होतात. शहरातले लोक बातमी वाचून बुकिंग रद्द करतात. आम्ही काय रद्द करणार? फेब्रुवारी ते मे बोंडू गोळा करायला रोज बागेत जावंच लागतं, गुरं रानात सोडावीच लागतात. बायामाणसं पातेरा (वाळका पालापाचोळा) गोळा करायला रानात बसकण मारतात, हाताने कवळून भारे बांधतात आणि तो पातेरा गोठ्याशेजारी रचतात. आजारी पडतात ती ही माणसं. डांबरी रस्त्यावर उभं राहून दुर्बिणीतून धनेश बघणाऱ्याचा धोका आमच्या काजूवाल्याच्या मानाने कितीतरी कमी, हे आधी ध्यानात घ्या.

पण काही फोटोवाले येतात ते बघून मात्र भीती वाटते. बेडूकतोंड्या झुडपात खाली बसलेला असतो, त्याला डोळ्यांच्या उंचीवर घ्यायचा म्हणून पातेऱ्यात सरळ पालथे पडतात. अर्धी चड्डी घालून! त्यापेक्षा गोचिडीला आमंत्रणपत्रिका छापा.

आरोग्य केंद्रातून आम्हाला गोचिडी लांब ठेवणारं डीएमपी तेल देतात. हातापायाला चोळून मगच रानात. काही जणांना वास आवडत नाही म्हणून बाटली कपाटात पडून राहते, ते सोडा. तुम्हीही पोचल्यावर केंद्रात चौकशी करा, सध्या कुठल्या वाडीत माकड मेलंय ते तिथे कळतं. ती वाडी टाळली तरी निम्मं काम झालं.

मेलेलं माकड दिसलं तर फोटो काढायला जवळ जाऊ नका. लांबूनच मागे फिरा आणि वन खात्याला नाहीतर आरोग्य केंद्राला कळवा. नंतर येऊन ते आजूबाजूला पावडर मारतात, प्रेताची विल्हेवाट लावतात.

शीळ

माडाखाली +१.

मेलेल्या माकडाबद्दल थोडं. बांदीपूरला २०१२ च्या हिवाळ्यात माकडं मेली तेव्हा त्यांची प्रेतं हाताळणाऱ्यांनाच लागण झाली होती. तेव्हा "नुसता काठीने उलटून बघतो" हाही प्रकार नको.

अवांतर, पण धागा पक्षीवाल्यांचा आहे म्हणून लिहितो. या आजाराचा आणि भारतातल्या पक्षी-अभ्यासाचा जुना संबंध आहे. १९५७ मध्ये विषाणू सापडला तेव्हा तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला निघाला. मग प्रश्न पडला, सैबेरियातला भाऊबंद शिमोग्यात कसा आला? संशय गेला स्थलांतरित पक्ष्यांवर. त्यांच्या अंगावर चिकटून गोचिडी आल्या असतील का, हे बघायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) पक्ष्यांच्या पायांत कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं. पक्षी जाळ्यात धरायचे, कडी घालायची, अंगावरच्या गोचिडी वेचून तपासायला द्यायच्या. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. विषाणू इथलाच, जंगलातला. रान तोडून माणूस आणि गुरं आत शिरली तेव्हा तो आपल्या वाट्याला आला, हे म्हणणं पुढे जास्त पटत गेलं. पण त्या निमित्ताने भारतातल्या स्थलांतराची जी माहिती गोळा झाली तिच्यावर आपण आजही "हा पाहुणा कुठून येतो" ते सांगतो. गोचिडीचे एवढे उपकार मानायला हरकत नाही.

घाटमाथा

अवांतर आवडलं. उदबत्तीचा सल्ला मागे घेत नाही, पण चिमटा घेऊन ठेवतो.

जर्सीची_अनु

इकडे न्यू जर्सीत हा रोजचा विषय आहे. घरामागच्या लॉनवरून पोरं आत आली की अंघोळीआधी "टिक चेक", दात घासण्याइतकं अंगवळणी पडलंय. काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या मुळाशी, बेंबी, कमरेच्या इलॅस्टिकखाली. इथली भीती लाइम डिसीजची. हरणांवरच्या काळपट पायांच्या गोचिडीमुळे होतो, जिवाणूचा आजार. त्यात एक दिलासा असा की गोचीड साधारण २४ तासांच्या आत काढली तर लागण व्हायची शक्यता फार कमी. जास्त वेळ चिकटलेली असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनचा एकच डोस डॉक्टर देतात. नंतर महिनाभर लाल चट्टा पसरतोय का ते बघायचं.

पाणकावळा, तुम्हीही गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवा की, तिकडे डॉक्सी सहज मिळते.

आणि हो, इथे दक्षिणेकडून वर सरकत आलेली एक लोन स्टार नावाची गोचीड आहे. ती चावल्यावर काही जणांना मटणाची, बीफ-पोर्कची अॅलर्जी होते. जेवल्यावर काही तासांनी अंगावर गांधी उठतात. आमच्या मंडळातल्या एका काकांचं मटण बंद झालं. चिकन-मासे चालतात.

सुळका

मटण बंद?? त्यापेक्षा माकडताप परवडला. (हलकेच घ्या)

ओपीडी_नंतर

अनु, तुमच्याकडचा हिशेब तुमच्याकडे बरोबर आहे, पण दोडामार्गला लावू नका. दोन्ही बाबतीत गाडी घसरते.

एक, डॉक्सी जिवाणूंवर चालते. माकडताप विषाणूचा. चावल्यावर डॉक्सी घेऊन माकडताप टळत नाही, उलट "गोळी घेतलीय, आता काही होत नाही" या भरवशावर माणूस ताप अंगावर काढतो. दोन, ते २४ तासांचं गणित लाइमच्या जिवाणूचं आहे. विषाणूच्या बाबतीत तेवढी सवलत धरू नका. तुमच्याच अमेरिकेतला पोवासान विषाणू गोचीड चिकटल्यावर पाव तासातही अंगात जाऊ शकतो. दिसली की काढा, "रात्री मुक्कामी बघू" नको.

तुमचा टिक चेक मात्र इकडे सगळ्यांनी जशाचा तसा उचलावा.

सुळका

चेष्टा बाजूला. पहिल्या पोस्टीत "पावसाळ्यानंतर जाऊ" असं म्हणणारा तट आहे, त्यांच्यासाठी लिहितो.

आमच्या गटातला एक जण सप्टेंबरात घाटमाथ्यावरच्या गवतात तंबू टाकून राहिला. परत आल्यावर दीड आठवड्याने ताप. डेंग्यूची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, अँटिबायोटिक बदलून झाले, ताप हटेना. यकृताचे आकडे बिघडले तेव्हा मोठ्या दवाखान्यात हलवला. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला पूर्ण उघडा करून तपासला तर काखेत एक काळी खपली, न दुखणारी, न खाजणारी, भोवती लाल कड. त्याला स्वतःलाच माहीत नव्हती. स्क्रब टायफस! डॉक्सी सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला.

ही गोचीड नाही बरं. गवत-झुडपातला माइट म्हणून बारीक जीव असतो, त्याची पिल्लं चावतात, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात याचे बरेच रुग्ण निघाले तेव्हा थोडी बातम्यांत चर्चा झाली, मग सगळे विसरले. म्हणजे उन्हाळ्यात माकडताप, पावसाळ्यात आणि नंतर स्क्रब. सह्याद्रीत बिनधोक महिना शोधत बसलात तर घरातच बसाल.

ओपीडी_नंतर

छान उदाहरण. त्या खपलीला एस्कार म्हणतात, काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरपट्ट्याखाली लपलेली असते. सगळ्यांना होतेच असं नाही. हा आजार वेळेत ओळखला तर स्वस्तातल्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू कुठेही जातो. रानातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला जंगल सांगा आणि अंगावर खपली शोधायला सांगा. लाज वाटत असेल तर घरी आरशात स्वतः शोधा.

चारपायी_डॉक्टर

पशुवैद्यक आहे, म्हणून थोडं कुत्र्यांबद्दल. हल्ली ट्रेकला कुत्रं न्यायची फॅशन आलीय. तुम्ही पायमोज्यात पँट खोचाल, ते काय खोचणार? ते पातेऱ्यात लोळतं आणि गाडीत तुमच्या मांडीवर बसतं. नेण्याआधी गोचीड-पिसवांचं औषध (गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब) वेळेत दिलेलं असू द्या. आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखाली चाचपा. कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीतून माणसाला टिक टायफस होतो, ताप आणि अंगावर पुरळ, अगदी तळहात-तळपायांवरसुद्धा. आपल्याकडे त्याला गोवर-कांजिण्यांत ढकलतात.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी नोंद घ्या: कपड्यांवर मारायचं पर्मेथ्रिन परदेशातून मागवणारे लोक आहेत. गोचिडीवर ते उत्तम चालतं, पण ओलं असताना मांजराला विष आहे. गॅलरीत वाळत घालताना मांजर आत कोंडा. आणि ते कपड्यांवरच मारायचं, कातडीवर नाही.

पाणकावळा

बापरे, भरपूर मिळालं. दोन शंका उरल्या. माकडतापाची लस असते ना? आणि ट्रेकवाले जळवांसाठी लीच सॉक्स घालतात, ते गोचिडीला चालतात का?

ओपीडी_नंतर

लस होती. कर्नाटकात वर्षानुवर्षं देत होते, महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि पुढे बूस्टर. पण तिचा परिणाम फारसा समाधानकारक नव्हता, २०२२ मध्ये ती द्यायची थांबवली. नव्या लसीवर काम चालू आहे. एका शनिवार-रविवारच्या सहलीसाठी मागून मिळेल अशी लस सध्या नाही.

सुळका

लीच सॉक्स चालतात, आणि चांगले चालतात. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंत, आत पँट खोचलेली. गोचीड झाडावरून टपकत नाही, खाली गवताच्या नाहीतर पाल्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट बघत असते आणि आपण घासून गेलो की चढते. घोट्याशी वाट बंद केली की ती कापडावरून वर चढताना दिसते. दिसायला हवी म्हणून कपडे फिक्या रंगाचे. (फोटोग्राफर मंडळी आता कॅमोफ्लाज म्हणून भांडतील.) मीठ-तंबाखूची पुरचुंडी जळवांना ठीक, गोचिडीला काही फरक पडत नाही. चिकटपट्टीचं रीळ खिशात ठेवा. बारीक पिल्लं एकदम झुंडीने पँटवर चढतात तेव्हा चिमटा काही कामाचा नाही, पट्टीने उचलून घ्यायची.

माडाखाली

बसायला गोणपाट नको, प्लास्टिकचा कागद नाहीतर घडीचं स्टूल आणा. बॅगा पातेऱ्यावर टाकू नका, गाडीत नाहीतर फांदीला. आणि जेवायला घरी या, बागेत डबे उघडून बसू नका. वाटाड्या घेणार असाल तर गावचाच घ्या, त्याला वाड्या माहीत असतात.

पाणकावळा

ठरलं, जातोय. तट मिटले असं म्हणवत नाही, दोघे गळाले. त्यातला एक म्हशीवाला! बाकीच्यांनी कबूल केलंय: लांब बाह्या, सॉक्स, पालथं पडायचं नाही, मुक्कामी आल्या आल्या अंघोळ आणि तपासणी, कपडे वेगळ्या पिशवीत बांधून घरी गरम पाण्यात. गटाच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे कोणत्या दिवशी कुठल्या वाडीत होतो ते लिहिणार. तीन आठवडे कुणालाही ताप आला तर त्याने ती यादी घेऊनच दवाखान्यात जायचं.

डीएमपी तेल तिथे पोचल्यावर विचारतो. नाही मिळालं तर पुण्यातून डीट असलेलं मलम नेतोय, ते चालेल ना?

ओपीडी_नंतर

चालेल. वेष्टनावर लिहिलंय तितक्या तासांनी परत लावा, घामाने आधीच उतरलं तर तेव्हाच. सनस्क्रीन आधी, हे नंतर. लहान मुलांच्या हातांना आणि तोंडाजवळ नको.

शीळ

आणि लावल्यावर हाताचे तळवे पुसून मगच दुर्बिणीला हात लावा. डीट प्लास्टिक आणि रबर खातं, डीएमपीचाही भरवसा नाही. माझ्या ओळखीच्या एकाच्या दुर्बिणीची रबरी कड पार चिकट झाली होती, घड्याळाचा पट्टाही गेला.

पाणकावळा

हे बरं सांगितलंत. दुर्बीण आमच्यापैकी निम्म्यांनी हप्त्याने घेतलीय.